पॅकेटांची आवक आणि आभासी संगणक

मराठ्यांच्या माळव्यातील स्वाऱ्यांमुळे इतिहासाच्या वाचकांस परिचित असलेले तिरला हे गाव आज मध्यप्रदेशाच्या धार जिल्ह्यातील विकासखंडाचे ठिकाण आहे. येथील एखाद्या अर्जदाराने १० लाख बाइटांची कागदपत्रे संगणकावरून पाठविली, तर ती अखंड जात नाहीत. एका पॅकेटात साधारणतः १,५०० बाइटच मावत असल्याने त्यांची सुमारे ७०० पॅकेटे होतात. अखेरच्या तारखेस असे असंख्य अर्ज एकाच वेळी येतात. ही आवक कशी स्वीकारली जाते, यावर अर्ज मुदतीत दाखल होणे अवलंबून असते.

अडचण कोठे येते?

मोठ्या संगणक-केंद्रात एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविता येतात. प्रत्येकाच्या आभासी नेटवर्क कार्डाचा कारभार ‘ड्रायव्हर’ ही आज्ञावली पाहते. दर पॅकेटामागे सूचना आली, तर प्रोसेसरला हातचे काम सोडावे लागते. आभासी संगणकात ही सूचना यजमान यंत्रामार्फत येत असल्याने तिचा भार अधिक पडतो. आवक फार वाढल्यास सारा वेळ सूचना घेण्यातच खर्च होतो. यंत्र चालू दिसते, परंतु अर्ज पुढे सरकत नाहीत.

उपाययोजना

टपाल कचेरीत प्रत्येक पत्रासाठी घंटा वाजवीत नाहीत. थैली एकदम उघडतात. लिनक्स प्रणालीत २००१ च्या सुमारास पुढे आलेली ‘नॅपी’ पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. तिचा क्रम असा :

१. ड्रायव्हर सामायिक स्मृतीत रिकामे कप्पे आधीच मांडून ठेवतो. यजमान यंत्र त्यांत पॅकेटे भरते.
२. पहिली सूचना मिळताच पुढील सूचना बंद केल्या जातात.
३. एका फेरीत बहुधा ६४ पर्यंत पॅकेटे उचलली जातात. मर्यादेमुळे इतर कामांनाही वेळ मिळतो.
४. रिकामे झालेले कप्पे पुन्हा मांडले जातात.
५. आवक संपल्यावर सूचना सुरू करून कप्पे पुन्हा एकदा तपासले जातात. अन्यथा मधल्या क्षणी आलेले पॅकेट तसेच पडून राहील.

तारतम्य आवश्यक

मोठ्या गठ्ठ्यासाठी मुद्दाम थांबल्यास एकट्या पॅकेटाला विलंब होतो. कप्पे अपुरे पडल्यास पॅकेटे गळतात व ती पुन्हा पाठवावी लागतात. म्हणून आवक कमी असताना सूचना आणि अधिक असताना एकत्र उचल, हेच धोरण हितावह होय. शिक्षकांनी चिठ्ठ्या व एक पेटी घेऊन हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.