घरगुती बायोडिझेल-संयंत्र : किंमत आणि उपयोग

वनस्पतिजन्य तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना जवळजवळ डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. परंतु असे तेल दाट असते; इंजिनात ते नीट फवारले जात नाही आणि अर्धवट जळून काजळी धरते. १९३७ साली बेल्जियममधील शास्त्रज्ञ शाव्हान यांनी तेलाचे एस्टरमध्ये रूपांतर करून ते इंधन म्हणून वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण बायोडिझेल म्हणतो, ते मूलतः हेच होय.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील अनेक हौशी लोक उपाहारगृहांतील तळणीचे टाकाऊ तेल आणून घरीच हे इंधन तयार करू लागले. त्यांच्यासाठी तयार संयंत्रेही बाजारात आली. साध्या संयंत्राला सुमारे तीन हजार, तर स्वयंचलित संयंत्राला आठ ते दहा हजार डॉलर पडत. एवढी किंमत देणे कितपत योग्य, हे ठरविण्यापूर्वी संयंत्रात काय घडते ते पाहिले पाहिजे.

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने या साखळ्या सुट्या होऊन मिथेनॉलशी जोडल्या जातात. हेच बायोडिझेल. जड ग्लिसरॉल तळाशी बसते. एक लिटर तेलाला साधारणतः २०० मिलिलिटर मिथेनॉल घालतात आणि मिश्रण ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ढवळतात. मग ग्लिसरॉल काढून टाकणे, उरलेला साबण पाण्याने धुणे आणि इंधन कोरडे करणे एवढीच कामे राहतात.

यातील कोणत्याही क्रियेला दुर्मिळ यंत्रसामग्री लागत नाही. म्हणूनच 'ॲपलसीड' या नावाची रचना हौशी मंडळींत लोकप्रिय झाली. पाणी तापविण्याची जुनी विजेची टाकी, एक पंप, काही नळ आणि तोट्या एवढ्यावर ती उभी राहते. तिचा आराखडा सर्वांना मोफत उपलब्ध होता आणि खर्च काही शे डॉलरांत भागे.

मग विकतच्या संयंत्रात अधिक काय मिळते? मुख्यतः वेळ वाचतो. चांगल्या स्वयंचलित संयंत्रात तापविणे, ढवळणे, धुणे आणि कोरडे करणे ही कामे ठरल्या क्रमाने आपोआप होतात. टाकी बंदिस्त व पोलादी असल्यामुळे मिथेनॉलची वाफ बाहेर पडण्याचा संभवही कमी होतो.

परंतु काही कामे यंत्र घेऊनही मालकाच्याच वाट्याला येतात. तेल गोळा करणे, गाळणे आणि त्यातील पाणी काढणे ही झाली कष्टाची कामे. तेलाची आम्लता मोजणे हे त्याहून महत्त्वाचे. वारंवार तळल्याने तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात व ती सोडा खाऊन टाकतात. म्हणून एक मिलिलिटर तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलात विरघळवून त्यात सोड्याचे एका लिटरला एक ग्रॅम या प्रमाणातील द्रावण थेंबथेंब घालतात. रंग पालटेपर्यंत जितके मिलिलिटर द्रावण लागेल, तितके ग्रॅम सोडा लिटरमागे नेहमीच्या प्रमाणाहून जास्त घालावा लागतो. हे प्रमाण चुकले तर महागड्या संयंत्रातही साबणाचा लगदाच हाती येतो. काही संयंत्रे गंधकाम्लाची पूर्वप्रक्रिया करून ही अडचण कमी करतात. तरीही तयार इंधनाची परीक्षा टळत नाही.

आता हिशेब मांडून पाहू. उदाहरणापुरते असे समजू की, एका कुटुंबाची मोटार वर्षाला २०,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर जाते. तिला वर्षाकाठी सुमारे १,३३० लिटर इंधन पुरेल. आठ हजार डॉलरचे संयंत्र दहा वर्षे टिकले, तर त्याच्या किमतीचा लिटरमागे सुमारे ६० सेंट भार पडतो. आठशे डॉलरच्या घरी जुळविलेल्या संयंत्राचा भार केवळ सहा सेंट होतो. एका घाण्यात १५० लिटर इंधन निघत असेल, तर वर्षातून नऊच घाणे लागतात. उरलेल्या काळात महागडे यंत्र नुसते उभे राहते. याउलट एखाद्या शेतावर किंवा सहा कुटुंबांच्या मंडळात वर्षाला ८,००० लिटर इंधन लागत असेल, तर तोच भार दहा सेंटांवर येतो आणि वाचलेल्या वेळाचे मोल तो सहज भरून काढते. मिथेनॉल, सोडा व वीज यांचा खर्च दोन्हीकडे वेगळा धरावाच लागेल.

या हिशेबात दोन गोष्टी अनिश्चित आहेत. पहिली म्हणजे डिझेलचा भाव. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४० डॉलरच्याही खाली आले. चढत्या भावाच्या दिवसांत घेतलेल्या यंत्राची किंमत मात्र उतरत नाही. दुसरी गोष्ट टाकाऊ तेलाची. प्रारंभी उपाहारगृहे ते फुकट देत. मोठे कारखाने तेच तेल घेऊ लागल्यावर त्यालाही भाव आला.

सुरक्षिततेचा विचार पैशाच्या हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. मिथेनॉल विषारी असून त्याची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. घरी जुळविलेल्या टाकीचा सांधा गळला, तर वाचविलेले सर्व पैसे एका क्षणात व्यर्थ ठरतील. ज्याला सांधे घट्ट करण्याचा आणि विजेच्या कामाचा अनुभव नाही, त्याने स्वस्त मार्ग धरू नये. राहत्या घरात तर कोणतेही संयंत्र बसवू नये.

भारतात २०१८ पासून २५ टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे असलेले तेल खाद्यपदार्थ तळण्यास वापरण्याची मनाई आहे, आणि असे तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे आपल्याकडील सामान्य कुटुंबाने संयंत्र घेण्यापेक्षा आपले वापरलेले तेल अशा संकलन-व्यवस्थेकडे सोपविणे अधिक श्रेयस्कर होय.

सारांश, एका मोटारीसाठी विकतच्या संयंत्राची किंमत भरून निघणे कठीण आहे. तेलाचा पुरवठा निश्चित असेल, वापरणारे अनेक असतील आणि वेळ थोडा असेल, तेथेच ती योग्य ठरते. म्हणून संयंत्राची चौकशी करण्यापूर्वी वर्षभर किती लिटर तेल खात्रीने मिळेल, याची नोंद करावी. त्या आकड्यावरूनच निर्णय घेणे सोपे जाईल.