पावसाळ्यात जगला तर वसंतात फुलेल

सुरतेत अमॅरिलिसला मार्चमध्ये फूल येणार की नाही, ते आदल्या जुलै-ऑगस्टमध्येच ठरतं. खत कुठलं घातलं, कंद किती मोठा आणला, या गोष्टी नंतरच्या. पावसाळ्याचे चार महिने कंद कशात बसला होता, हा पहिला प्रश्न. अडाजणच्या आमच्या अंगणात पहिल्याच पावसाळ्यात जवळजवळ सगळे कंद कुजले, आणि आणले तेव्हा ते चांगले टणक, निरोगी होते. उधना-लिंबायतपासून पालपर्यंत आपली किती तरी मराठी घरं आहेत. हातभर अंगण मिळालं की हौसेने थंडीत कंद आणतात आणि पुढच्या वर्षी म्हणतात, ‘सुरतेत कंद टिकत नाहीत.’ टिकतात. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

मी खानदेशातली. तापी भुसावळलाही पाहिली आणि इथेही पाहते. पण इथली तापी मुखाशी आलेली, वाटेतला सगळा गाळ सोबत घेऊन. काळी चिकण माती आणि त्यावर नदीचा बारीक पोयटा, अशी इथल्या बऱ्याच अंगणांची जमीन. ऑगस्ट 2006 च्या पुराने तर शहरभर गाळाचा थर सोडला होता. ही माती उन्हाळ्यात बोट जाईल इतकी भेगाळते आणि पाऊस पडला की फुगून सगळी छिद्रं मिटवून टाकते. वर्षाचा साधारण 1200 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे ऐन वाढीच्या दिवसांत मुळांना हवाच मिळत नाही. कंद पाण्याने मरत नाही, हवेवाचून मरतो. बुरशी आणि जिवाणू नंतर येऊन उरलेलं काम करतात.

लावणीच्या वेळी माळीभाईंनी प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी दोन ओंजळी वाळू घातली होती. ‘रेती नाखी दईए, पाणी उतरी जशे.’ सगळीकडे हेच सांगतात. मुरमाड जमिनीत ते खरंही आहे. पण चिकण मातीत खणलेला खड्डा म्हणजे बुजवलेला हौद. आतली भुसभुशीत माती आणि वाळू आजूबाजूचं पाणी ओढून घेते, आणि खालची-बाजूची चिकण माती ते पुढे जाऊ देत नाही. वर जमीन कोरडी दिसते, खाली कंद पाण्यात बसलेला असतो. तेव्हा या जमिनीत एकेका कंदापुरता वाळूचा खड्डा करू नका.

कंद कुजतोय हे पानांवरून उशिरा कळतं. पानं पिवळी पडून मऊ होतात तोवर खाली फारसं उरलेलं नसतं. शंका आली की माती बाजूला सारून कंदाचा तळ अंगठ्याने दाबून पाहा. मुळं फुटतात ती खालची चकती टणक असायला हवी. अंगठा आत रुतला, तपकिरी पाणी आलं, नाक मुरडावं असा वास आला, तर कूज लागली आहे. मुळंही पाहा. निरोगी मूळ पांढरं, जाड, ओढलं तरी न तुटणारं. कुजलेल्या मुळाचं साल चिमटीत निघून येतं आणि आत नुसता दोरा राहतो. चकतीचा काही भाग जरी शाबूत असला तरी कंद वाचू शकतो. कंदाचे कुजलेले पापुद्रे पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत कापा, सुरी दर वेळी पुसा, तांब्याचं बुरशीनाशक लावा आणि सावलीत, वारा लागेल असा काही दिवस सुकवा. मगच परत लावा, आणि कोरड्या मातीत.

आधी जमिनीची परीक्षा करा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा. ते मुरलं की दुसऱ्यांदा भरा. दुसरं पाणी सकाळपर्यंत तसंच राहिलं, तर तिथे जमिनीत कंद लावायचाच नाही, जमिनीच्या वर लावायचा. शेतकऱ्याचा गादीवाफा हाच त्यावरचा उपाय. विटांच्या कडेत फूटभर उंच वाफा करा. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा समभाग घ्या. शेणखतात ट्रायकोडर्मा ही कुजेशी लढणारी बुरशी मिसळता आली तर उत्तम. वाळू नदीचीच घ्या. डुमसच्या किनाऱ्यावरून काळी वाळू पोत्यात भरून आणण्याचा मोह होतो, पण ती खारी आहे. वाफ्याखालची जमीन वाफसा असतानाच खणा, चिखल असताना पाऊलही ठेवू नका. आणि अमॅरिलिसचा कंद कधी पुरा गाडू नका: वरचा तिसरा भाग आणि मान उघडी हवी. मानेत पाणी साचलं की कूज वरूनही सुरू होते.

पाऊस जास्त म्हणून कंद जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी डांगच्या किंवा आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचा कोळकांदा हा रानकंद पाहावा. तिथला पाऊस सुरतेपेक्षा जास्त, तरी तो मुरमात, दगडांच्या कडेला वर्षानुवर्षं सुखाने राहतो आणि भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, दांड्यावर फुलतो. त्याच्या अंगावरचं पाणी थांबत नाही, एवढाच फरक.

आता ताण. डाळिंबाचा बहार धरताना पाणी तोडतात, तसंच इथे. दिवाळीनंतर पाणी हळूहळू कमी करा, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर बंद ठेवा. वाफा अंगणाच्या नळाजवळ, एसीच्या पाण्याखाली किंवा टाकी भरून वाहते तिथे असेल तर हा ताण बसतच नाही. कंद जगतो, पण नुसती पानं देतो. फेब्रुवारीत पाणी सुरू केलं की दांडा वर येतो.

फूल गेल्यावर लोक पानं कापून टाकतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. या कंदात साधारण चार पानांमागे एक फुलोरा आत घडत असतो, आणि तो बाहेर पडायच्या कित्येक महिने आधी तयार होतो. पावसाळ्यातली पानं म्हणजे पुढच्या मार्चचं फूल. त्याच पानांवर काळ्या अंगाची, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची अळी येते आणि पान संपवून कंदापर्यंत पोचते. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा पानांची खालची बाजू पाहा आणि हाताने वेचून काढा. अळ्या लहान असतात तोवर तेवढं पुरतं.

ट्यूलिपबद्दल दरवर्षी कोणी तरी विचारतं. त्याला फूल धरायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती सुरतेत नाही. श्रीनगरला 2007 मध्ये ट्यूलिपची मोठी बाग उघडली ती तिथे थंडी आहे म्हणून. इथे थंडी देऊन तयार केलेला कंद एकदा फुलेल, पुढे नाही. ट्यूलिपसाठी ओळखले जाणारे डच लोक सतराव्या शतकात सुरतेत वखार घालून होते. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणाऱ्या व्हान रीडचं दफनही इथल्याच डच कबरस्तानात झालं. त्या डचांच्या देशातही कंदाची जुनी शेतं समुद्रकाठच्या वाळूत आहेत आणि कालव्यांनी जमिनीतलं पाणी ठरावीक पातळीखाली धरून ठेवतात. इतक्या पाणथळ देशाने कंदाला मात्र कोरडी मुळं दिली.

ज्यांना वाफा उंच करणं शक्यच नाही त्यांनी ओल्या कोपऱ्यात स्पायडर लिली, नागदवणी, कर्दळ, सोनटक्का लावावा. त्यांना ओल चालते. त्यांचा बहर उन्हाळा-पावसाळ्याचा, वसंताचा नव्हे, हे धरून चाला. मे महिन्यात तांबडा चेंडू देणारी फुटबॉल लिली मात्र अमॅरिलिसच्याच वाफ्यात घाला. थंडीत तिलाही कोरडी झोप हवी.

विश्रांतीच्या काळात कंद काढून ठेवणार असाल तर ते हुबेहूब कांद्यासारखे दिसतात, हे लक्षात ठेवा. अमॅरिलिस, नर्गिस, लिली, सगळे विषारी आहेत. नाव लिहिलेल्या पिशवीत घालून स्वयंपाकघरापासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी टांगा.