वर्गणी शेवटी, वीजबिल आधी

शाळा, वाचनालय, देऊळ, दूध संस्था, बाजारातले गाळेधारक. चार लोक एकत्र येऊन छतावर सोलर बसवायचं ठरवतात आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी पावतीपुस्तक काढतं. ते मिटून ठेवायला सांगा. आधी संस्थेची मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं टेबलावर मांडा. त्यावर चार गोष्टी बघायच्या: नाव, मंजूर भार, दर संकेत आणि वर्षभरात वापरलेली युनिटं.

नावापासून सुरुवात करा, कारण काम अडतं ते तिथेच. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तीन आठवड्यांत पैसे जमवले आणि मग बिल पाहिलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत ज्यांचा हार घातलेला फोटो आहे, बिल अजून त्यांच्याच नावाने येत होतं. कंपनीकडून घेतलेली आणि तिला परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा करार मीटर ज्याच्या नावावर त्याच्याशीच होतो. नाव बदलण्यात अख्खा पावसाळा गेला, आणि वर्गणीदार रोज ग्रुपवर 'काय झालं?' विचारत राहिले. नावाबरोबर थकबाकीही तपासा. थकबाकी असताना अर्ज पुढे सरकत नाही.

मंजूर भार म्हणजे तुमची वरची मर्यादा. भार ५ किलोवॅट असेल तर १० किलोवॅटचं सोलर तसंच बसत नाही, आधी भार वाढवावा लागतो. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जात ही वाढ वीज कंपनीनेच करून द्यायची आहे. पण वाढलेल्या भारामुळे अनामत आणि स्थिर आकार किती बदलेल, हे आधी विचारून घ्या. मीटर सिंगल फेज आहे की थ्री फेज, तेही आत्ताच बघून ठेवा.

दर संकेताकडे कुणी पाहत नाही, आणि हिशेब चुकतो तो त्यामुळेच. खासगी संस्थेची शाळा आणि सरकारी शाळा दोन्ही सार्वजनिक सेवेच्या वर्गवारीत येतात, पण उपवर्ग वेगळे, दर वेगळे. फक्त पूजाअर्चेसाठी असलेल्या देवळाला महावितरण घरगुती दर लावते. त्याच आवारातलं भाड्याने जाणारं मंगल कार्यालय मात्र व्यापारी दरात जातं. दर जितका चढा तितकी सोलरची बचत जास्त. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मंगल कार्यालयाची वसुली चार वर्षांत झाली म्हणून तुमच्या देवळाची होईल असं नाही.

किती किलोवॅट, किती रुपये

महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, वर्षाला साधारण १,३०० ते १,५००. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा निम्म्यावर येतो. जागा लागते किलोवॅटमागे ८० ते १०० चौरस फूट, तीही सावली न पडणारी. पाण्याची टाकी, मोबाईल टॉवर, शेजारचं नारळाचं झाड यांची सावली डिसेंबरमध्ये दुपारी तीनला स्वतः छतावर उभं राहून बघा. उन्हाळ्यातल्या फोटोवरून आखणी करणाऱ्याला परत पाठवा.

वर्षाचा वापर ६,००० युनिट असेल तर ५ किलोवॅट पुरतं. वर्गणी १० किलोवॅटइतकी जमली म्हणून १० बसवू नका. जास्तीची वीज मार्चअखेर जेमतेम दरात वीज कंपनीकडे जाते, म्हणजे अर्धी वर्गणी कंपनीला स्वस्त वीज पुरवण्यात खर्च होते. विक्रेता मोठंच सुचवणार. त्याचा धंदा आहे तो.

अनुदानाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. पीएम सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान घरांसाठी आहे. गृहनिर्माण सोसायटीला सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग, किलोवॅटमागे १८,००० मिळतात. शाळा, दुकान, दूध संस्था, कारखाना यांना या योजनेतून काही नाही. देवळाचं बिल घरगुती दराने येतं म्हणून घराचं अनुदानही मिळेल असं धरून वर्गणीचा आकडा ठरवू नका. 'अनुदान आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त सही करा' असं कुणी म्हणालं तर सही करू नका.

आता दर. संस्थेसाठी १० किलोवॅटचं बॅटरीविना सोलर आजच्या बाजारात कर सोडून साधारण साडेचार ते सहा लाखांना बसतं. हा दर सपाट, पक्क्या स्लॅबचा. कौलं किंवा जुने पत्रे असतील तर लोखंडी सांगाड्याचाच खर्च आकडा बदलून टाकतो.

कराची ओळ भिंगातून वाचा. सोलर साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहित्य आणि बसवणं एकाच करारात असेल तर ७० टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५ टक्के आणि उरलेल्या ३० टक्क्यांवर १८ टक्के लागतात. एकूण ८.९ टक्के. पूर्वी हेच १३.८ होतं. दरपत्रकात १३.८ दिसलं तर ते जुन्या फाईलवरून उतरवलेलं आहे. पाच लाखांच्या कामावर फरक २४,५०० रुपयांचा पडतो.

दरपत्रकात हटकून नसलेल्या गोष्टी पुढे देतो. नेट मीटर आणि त्याची तपासणी. तीन स्वतंत्र अर्थिंग: डीसी, एसी आणि वीजरोधकाचं. ठरलेल्या फुटांपलीकडची केबल. छतावर जायला पक्की शिडी, पॅनेलांमधून चालायला पट्टी, धुवायला नळ. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. मोठ्या क्षमतेला विद्युत निरीक्षकाची तपासणी. विमा. प्रत्येकापुढे 'समाविष्ट' किंवा 'तुमच्याकडे' असं लिहून घ्या. 'होऊन जाईल साहेब' याला दरपत्रकात रकाना नसतो. माझा ठोकताळा असा, की सांगितलेल्या दरावर पंधरा टक्के वेगळे धरल्याशिवाय वर्गणीचा आकडा जाहीर करू नये.

छत गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करा. नंतर पॅनेल उतरवून पुन्हा चढवायचे पैसे वेगळे पडतात आणि ते कुणीच धरलेले नसतात. कोकणात असाल तर सांगाडा गॅल्व्हनाइज्डच हवा आणि वाऱ्याच्या वेगाचा हिशेब लेखी हवा. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडचे पत्रे कसे उडाले ते तिथल्या शाळांना सांगायला नको. शाळेच्या मैदानाकडच्या बाजूला जाळीही धरा, क्रिकेटचा चेंडू वॉरंटीत बसत नाही.

वर्गणीदारांना एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगून टाका. बॅटरीविना सोलर लाईट गेल्यावर बंद पडतं, भर दुपारीही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाईट गेल्यावरही संगणक चालायला हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल. तो खर्च वेगळा, आणि बॅटरी काही वर्षांनी पुन्हा घ्यायची.

पैसे कसे गोळा करायचे

संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर वर्गणी न्यासाच्याच खात्यात, न्यासाच्याच पावतीवर. अध्यक्षांच्या किंवा उत्साही माजी विद्यार्थ्याच्या फोनवर क्यूआर कोड नको, माणूस कितीही भला असो. न्यास नसेल, नुसती समितीच असेल, तर धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे मागण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी बघावी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच.

करसवलत हवी असलेले देणगीदार '८०जी आहे का?' विचारतील. संस्थेकडे ती मान्यता असेल तरच होय म्हणा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्याला ती मुळातच मिळत नाही. एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊच नका. तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो.

'वर्गणी नको, गुंतवणूक घेऊ. दरसाल आठ टक्के देऊ' ही कल्पना बैठकीत येतेच. थांबा. परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे घेतले की ती ठेव ठरू शकते, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यात तुरुंगवासही आहे. परतावा द्यायचाच असेल तर सहकारी संस्थेच्या सभासदांपुरता, उपविधीत बसवून, सीए आणि निबंधक कार्यालयाला विचारून. दूध संस्थेला हे जमू शकतं, शाळेच्या समितीने या वाटेला जाऊ नये. न्यासाने कर्ज काढायचं म्हटलं तरी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागू शकते, ते आधी विचारून घ्या.

'एक रुपया घालू नका, पॅनेल आमचे, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या' असं सांगणाऱ्या कंपन्याही येतील. सौदा वाईटच असतो असं नाही. पण करार पंधरा-पंचवीस वर्षांचा असतो. दर दरसाल किती वाढणार, सुट्टीत वीज वापरली नाही तरी किमान रक्कम भरायची का, मध्येच सोडायचं तर किती, ही तीन कलमं आधी शोधा. छत भाडेकराराने द्यायचं असेल आणि मुदत तीन वर्षांहून जास्त असेल, तर सार्वजनिक न्यासाला इमारतीसाठी कलम ३६ खाली मंजुरी घ्यावी लागते. कंपनीचा माणूस हे सांगत नाही, कारण छत त्याचं नाही.

एका छतावर बसवून चार गाळ्यांच्या चार मीटरवर वीज वाटून घेऊ, असं कुणी सुचवलं तर महावितरणकडून लेखी होकार आल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. मुंबईत असाल तर तुमच्या भागात बेस्ट, अदानी, टाटा यांपैकी जी कंपनी असेल तिच्याकडून.

कागद आणि दिवस

ताजं वीजबिल. मालकीसाठी मिळकत पत्रिका, सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८. न्यास नोंदणीचा दाखला आणि परिशिष्ट १, त्यावर हयात विश्वस्तांचीच नावं असलेलं. सोलर बसवण्याचा आणि सहीचा अधिकार देणारा ठराव. संस्थेचं पॅन, सही करणाऱ्याचं आधार, रद्द केलेला धनादेश. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर इमारत परिषदेची. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर भागत नाही, परिषदेची लेखी परवानगी लागते. बसवून झाल्यावर पॅनेल शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवा, नाहीतर पाच वर्षांनी ते कुणाचे यावरून वाद होईल.

अर्ज ऑनलाईन होतो आणि शुल्काची पावती वीज कंपनीच्याच नावाने येते. 'साहेबांना द्यावे लागतात' या नावाखाली मागितलेली रक्कम शुल्क नव्हे. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट नाही. त्यावरच्या क्षमतेला तपासणीसाठी १५ दिवस, आणि बसवल्याचं कळवल्यावर मीटर व जोडणीसाठी १५ दिवस, असा नियम आहे. प्रत्यक्षात नाव-भार सरळ असेल तर दोन-तीन महिने धरा. उद्घाटनाची तारीख मात्र नेट मीटर लागेपर्यंत छापू नका.

पैसे टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा, निदान १० टक्के, नेट मीटर लागून पहिलं बिल येईपर्यंत हातात ठेवा. पॅनेल सरकारच्या मान्यताप्राप्त उत्पादकांच्या, म्हणजे एएलएमएम, यादीतलेच असावेत. चढवण्यापूर्वी खोक्यावरचे आणि पॅनेलवरचे अनुक्रमांक फोटो काढून ठेवा, वॉरंटी त्या आकड्यांवरच मिळते. पॅनेलची हमी २५ वर्षांची सांगतात, ती वीज देण्याच्या क्षमतेची असते. इन्व्हर्टर पाच ते दहा वर्षांच्या वॉरंटीचा, आणि दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. त्या वेळी आजचे वर्गणीदार पुन्हा गोळा करता येतील अशा भरवशावर राहू नका. बचतीतला काही भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाकायचा, असं आजच्याच ठरावात लिहा.

धुण्याचं कामही कुणाच्या तरी नावावर लिहा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन तापायच्या आत, साध्या पाण्याने. रस्त्यालगत किंवा उसाच्या गुऱ्हाळाजवळ असाल तर आठवड्याला. शिपायाच्या पगारात ते आपोआप बसेल असं सगळे धरतात आणि दिवाळीपर्यंत पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येतं.

शाळांना एक गोष्ट अनुकूल आहे. उरलेल्या युनिटांची बाकी एप्रिल ते मार्च अशी चालते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात, सुट्टीत जमलेली युनिटं जूनपासून वापरता येतात. मात्र तुमच्या मीटरला वेळेनुसार दर, म्हणजे टीओडी, लागू असेल तर दिवसाची युनिटं संध्याकाळच्या वापरातून कशी वजा होतात ते चालू दरपत्रकात बघा; संध्याकाळी भरणाऱ्या वाचनालयाचं आणि अभ्यासिकेचं गणित इथेच फिरतं. स्थिर आकार मात्र कुणालाच चुकत नाही, त्यामुळे 'बिल शून्य' असा फलक लावू नका.

पहिलं बिल आलं की इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट हे दोन आकडे शोधा. त्या महिन्यात रविवार, सुट्ट्या असूनही एक्स्पोर्टपुढे शून्य असेल तर बहुतेकदा मीटर बदललेला असतो पण बिलाच्या प्रणालीत नोंद झालेली नसते. त्याच दिवशी मीटरच्या पडद्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि उपविभागीय कार्यालयात लेखी अर्जाची पोच घ्या. विक्रेत्याचे राखलेले १० टक्के तोपर्यंत तुमच्याकडेच आहेत, म्हणून तोही तुमच्याबरोबर कार्यालयात येईल.