गेस्टाल्ट मानसोपचार : काल, आज आणि उद्या

मानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत समष्टिवादावर टीप हमखास येते. मॅक्स वेर्थायमरचा १९१२ चा निबंध, त्याचे सहकारी कोलर आणि कॉफ्का, पूर्ण हे अवयवांच्या बेरजेहून वेगळे असते, एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. परंतु त्याच 'गेस्टाल्ट' शब्दाचे नाव लावून पुढे एक मानसोपचारपद्धती जन्माला आली, तिच्याबद्दल आपण वर्गात फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेखात तिची वाटचाल पाहावयाची आहे आणि ती आपल्यासारख्यांच्या कितपत उपयोगाची, याचाही विचार करावयाचा आहे.

गेस्टाल्ट म्हणजे आकार, घडण. नजरेसमोरच्या पसाऱ्यातून एक आकृती पुढे येते आणि बाकीचे पार्श्वभूमीत जाते. तहान लागली की बाजारात माणसाला पाणपोईच दिसते, कापडाचे दुकान दिसत नाही. तहान भागली की पाणपोई मागे सरते आणि दुसरे काही पुढे येते. गरज पुरी झाली नाही तर मात्र ती आकृती मनातून हलत नाही. कुर्ट लेविनची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने १९२७ साली असे मांडले की अर्धवट सोडायला लावलेली कामे पुरी केलेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत स्मरणाबद्दलचा हा निष्कर्ष दर वेळी टिकला नाही. अपुरे काम पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र अधिक पक्की ठरली. मानसोपचाराने उचलली ती हीच ओढ.

या पद्धतीचा प्रवर्तक फ्रिट्झ पर्ल्स हा १८९३ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. पहिल्या महायुद्धात तो खंदकांत होता. १९२६ साली फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डस्टाइनच्या संस्थेत त्याने काम केले. तेथे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार होत. एक अवयव निकामी झाला की सगळा माणूसच नव्याने जुळवून घेतो, हे गोल्डस्टाइनचे निरीक्षण. मेरी हेन्ले या विदुषीने १९७८ साली गेस्टाल्ट मानसशास्त्राचा आणि या उपचाराचा खरा संबंध नाही असे ठासून लिहिले. तिचे बरेचसे म्हणणे मला पटते, पण गोल्डस्टाइनमार्फत आलेला धागा नाकारता येईल असे वाटत नाही.

फ्रँकफुर्टलाच पर्ल्सला लॉरा भेटली. गेस्टाल्ट मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झाले होते ते तिचे, त्याचे नव्हे. हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली हे जोडपे हॉलंडला आणि तेथून दक्षिण आफ्रिकेत गेले. १९३६ साली पर्ल्स युरोपात परिषदेला आला आणि व्हिएन्नाला फ्रॉइडच्या दारात उभा राहिला. भेट काही मिनिटांत आटोपली. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींवर उपचार करणाऱ्या या माणसाच्या मनात ती भेट स्वतःलाच अपुरी राहिली, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे.

१९४२ साली दक्षिण आफ्रिकेत त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्यातील मुख्य कल्पना खाण्याची आहे. तान्हे मूल गिळते. दात आले की ते चावू लागते, नको ते थुंकते. ही निरीक्षणे मुळात लॉराची, आणि पुस्तकातील दोन प्रकरणेही आपलीच, असे तिने नंतर सांगितले. वडीलधाऱ्यांची मते, धाक, 'असेच वागावे'चे नियम आपण लहानपणी न चावता गिळतो. ते आपल्या अंगी लागत नाहीत, नुसते पोटात दगडासारखे राहतात. ('गाईड'मधून घोकलेली उत्तरे परीक्षेनंतर आठवडाभरात कुठे जातात, हे येथे वेगळे सांगायला नको.)

१९५१ साली अमेरिकेत पर्ल्स, हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांचा मूळ ग्रंथ आला. १९५२ साली न्यूयॉर्कची संस्था निघाली. पण पद्धतीला प्रसिद्धी मिळाली ती १९६४ नंतर, पर्ल्स कॅलिफोर्नियातील एसलेन येथे राहू लागल्यावर. गटासमोर रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्यात आपला बाप, मेलेली बहीण किंवा स्वतःचाच भित्रा भाग बसला आहे असे मानायचे आणि त्याच्याशी बोलायचे. मग त्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचे. ही युक्ती मोरेनोच्या मनोनाट्यातून घेतलेली. १९६५ च्या एका चित्रपटात ग्लोरिया नावाच्या बाईवर रॉजर्स, पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस यांनी आपापले उपचार करून दाखवले. तीत पर्ल्स तिला म्हणतो की तू घाबरले म्हणतेस आणि हसतेस. एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर मराठीत चांगली पुस्तके आहेत, त्यामुळे तो आपल्याकडे घरचा झाला. पर्ल्स परकाच राहिला.

याच काळातील पर्ल्सची एक छोटी 'प्रार्थना' भिंतीवरच्या चित्रांत छापली गेली. आशय असा की ज्याने त्याने आपले करावे, कोणी कोणाच्या अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी जन्मलेला नाही. येथे मी थबकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. थोरल्या भावाने दहावीनंतर शाळा सोडली म्हणून माझी फी भरली जाते. हे वाक्य मी आईसमोर उच्चारू शकणार नाही, आणि खरे सांगायचे तर मला ते उच्चारावेसेही वाटत नाही. पण त्याच पर्ल्सचे जुने सूत्र, गिळू नका, चावा, हे मला जवळचे वाटते. मुलीने शिक्षिका व्हावे ही घरची अपेक्षा चावून पाहिली, तर तिच्यातले काही माझे म्हणून घेता येईल, काही ताटाच्या कडेला ठेवता येईल. सगळे ताट भिरकावण्याची गरज नाही. १९४२ चा पर्ल्स १९६९ च्या पर्ल्सपेक्षा शहाणा होता, असे माझे नम्र मत आहे.

त्या दिवसांतील गटांचे दुष्परिणामही झाले. लिबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात (१९७३) आढळले की परिणाम पंथापेक्षा गटप्रमुखाच्या वागण्यावर ठरतो. आक्रमक, भारून टाकणाऱ्या प्रमुखांच्या गटांत मानसिक इजा अधिक झाली.

पर्ल्स १९७० साली वारला आणि त्याच वर्षी आर्नल्ड बाइसरचा लहानसा निबंध आला. बाइसर हा टेनिसपटू डॉक्टर. ऐन पंचविशीत पोलिओने त्याचे शरीर लुळे पडले. त्याचे म्हणणे असे की माणूस जो नाही तो होऊ पाहतो तोवर बदलत नाही. जो आहे तो पुरता झाला की बदल आपोआप होतो. ज्याला उठून उभे राहण्याची जबरदस्ती स्वतःवर करून काहीच लाभ नव्हता, त्याने हे लिहिले आहे, हे विसरू नये.

आजचा गेस्टाल्ट उपचारक बहुधा रंगमंचावर नसतो. लॉरा फ्रँकफुर्टला मार्टिन बूबरच्या विचारांशी परिचित झाली होती. न्यूयॉर्कमध्ये ती दीर्घकाळ शांतपणे शिकवत राहिली, १९९० साली वारली. समोरच्याला उघडे पाडण्यापेक्षा त्याच्याशी नाते जोडणे, हा तिचा वळसा पुढे गॅरी यॉन्टेफ आदींनी मुख्य रस्ता केला. खुर्चीची परीक्षाही झाली. पायव्हिओ आणि ग्रीनबर्ग यांच्या १९९५ च्या प्रयोगात जवळच्या माणसाविषयी जुने शल्य असलेले ३४ जण होते; खुर्चीशी संवाद केलेल्यांना नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा अधिक आराम पडला आणि तो वर्षानंतरही टिकला. अर्थात ३४ म्हणजे फार नव्हेत. ऑस्ट्रियात ही पद्धत कायद्याने मान्य आहे. जिथून तिचे संस्थापक निघाले त्या जर्मनीत मात्र सरकारी आरोग्य विमा तिचा खर्च देत नाही. भक्कम प्रयोगांची उणीव हेच तिचे दुखणे आहे, आणि तिचे भवितव्य यावरच अवलंबून राहील.

आपल्याकडचे काय? दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की माणसे मृताचे काय राहिले ते आठवू लागतात आणि मोठ्याने सांगतात, धाकटीचे लग्न आम्ही करू, काळजी करू नकोस. मेलेल्याशी समोरासमोर बोलणे आपल्याला नवे नाही. फरक असा की तेथे वचन दिले जाते, तक्रारीला जागा नसते. तक्रार असते ती बायकांच्या हेल काढून रडण्यात. मला कुणाच्या जिवावर टाकून गेलास, असा जाब तेथे सरळ विचारतात, आणि तेरावे उरकले की तीही गप्प होते. खुर्ची मराठीत आणणाऱ्याने या दोन्हींकडे पाहिले पाहिजे. शिवाय इंग्रजीत एकाच शब्दाने भागते, मराठीत खुर्चीतल्या माणसाला आधी काय म्हणायचे ते ठरवावे लागते. माझ्या आजीने आजोबांना आयुष्यभर 'अहो' म्हटले. तिला त्यांच्याशी भांडायचे असेल, तर ती 'अहो' म्हणून भांडेल की 'अरे' म्हणून, हे उपचारकाने ठरवायचे नाही, तिचे तिला ठरवू द्यायचे.