रुंद दार

आम्ही शारजाला राहतो. शारजा हे संयुक्त अरब अमिरातीमधील एक शहर आहे. दुबई त्याच्या अगदी शेजारी आहे. शारजात एक मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. त्याचे अनेक भाग पाडले असून प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला आहे. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांचे गाळे आहेत. कोठे मोटारी दुरुस्त होतात, कोठे लाकूड कापले जाते, तर कोठे जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकले जातात. दिवसभर ट्रकांची ये-जा आणि हातोड्यांचा ठणठणाट चालू असतो. अशाच एका गाळ्यात माझे बाबा फोरमन आहेत. तेथे स्टेनलेस स्टीलचे कठडे आणि दांडे तयार होतात.

एका शनिवारी शाळेला सुटी होती, पण बाबांच्या गाळ्याला नव्हती. आईला बाहेर जायचे होते. त्यामुळे बाबा मला बरोबर घेऊन गेले. गाळ्यात केरळचे, पंजाबचे, नेपाळचे आणि पाकिस्तानातले कामगार काम करत होते. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलत होते आणि प्रत्येकाची हिंदी वेगळी होती. मला ती ऐकायला फार गंमत वाटली. दहा वाजता वेलदोडे घातलेला दाट चहा आला. मलाही अर्धा पेला मिळाला.

एका कोपऱ्यात वाकवलेले चकचकीत दांडे रचून ठेवले होते. काही सरळ होते, काही काटकोनात वळलेले होते. एकाला बिजागरी होती. तो खाली करता येई आणि भिंतीला टेकवून उभाही करता येई. मी तो चार-पाच वेळा खालीवर केला.

“बाबा, हे कशाचे दांडे?”

“शौचालयाचे. आधाराला धरायचे असतात,” बाबा म्हणाले. तेवढ्यात ट्रक आला आणि आमचे बोलणे तिथेच राहिले.

संध्याकाळी आम्ही घरी जाताना एका मोठ्या दुकानात सामान घ्यायला थांबलो. मला लघवीला जायचे होते. स्वच्छतागृहात तीन लहान दारे होती. एक बंद होते, दोन रिकामी होती. त्यांच्या शेजारी एक खूप रुंद दार होते. त्यावर चाकांच्या खुर्चीचे निळे चित्र होते. मी दार ढकलून पाहिले. आत केवढी जागा! मला वाटले, ही तर राजाची खोली!

मी आत गेलो आणि कडी लावली. माझे काम लगेच झाले, पण मी बाहेर आलो नाही. तिथे सकाळी पाहिले तसेच दांडे होते. मी एका दांड्याला लोंबकळलो. मग हाताने धरायचा पाण्याचा फवारा होता, तो सोडून पाहिला. फरशीवर पाणीच पाणी झाले. मग लांब दांडीचा नळ कोपराने उघडला आणि मिटला. असा किती वेळ गेला कोणास ठाऊक! दारावर कोणीतरी हळूच टकटक केले. मी ओरडलो, “थांबा!” आणि आणखी थोडा वेळ खेळलो.

दार उघडले, तर समोर चाकांच्या खुर्चीत एक आजोबा होते. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा उभा होता. आजोबांनी दोन्ही हातांनी चाके घट्ट धरली होती. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. ते मला रागावले नाहीत. “हो गया, बेटा?” एवढेच म्हणाले आणि घाईघाईने खुर्ची आत ढकलू लागले. खुर्चीची चाके मी सांडलेल्या पाण्यातून गेली. ज्या हातांनी ते चाके फिरवत होते, ते हातही ओले झाले.

मी बाजूची दारे पाहिली. आता तीनही रिकामी होती. त्या आजोबांना त्यांचा काहीच उपयोग नव्हता.

रात्री मला नीट जेवण गेले नाही. आईने दोनदा विचारले, तेव्हा मी सगळे सांगितले. आई काही बोलली नाही. बाबा म्हणाले, “उद्या पुन्हा गाळ्यावर चल.”

रविवारी गाळ्यात फारसे काम नव्हते. बाबांनी खडू घेतला आणि फरशीवर एक चौकोन काढला. “हे नेहमीचं शौचालय,” ते म्हणाले. त्याचे दार त्यांनी ६० सेंटीमीटरचे दाखवले. मग ऑफिसातली चाकांची खुर्ची आणली. तिच्या दोन्ही बाजूंना फळ्या बांधल्या आणि टेपने मोजून तिची रुंदी ६५ सेंटीमीटर केली. “चाकांची खुर्ची साधारण एवढी रुंद असते. बस हिच्यात. पाय जमिनीला लावायचे नाहीत. आता जा आत.”

मी कसा जाणार? खुर्ची खडूच्या दाराबाहेरच अडली. कामगार हसले. मीही हसलो, पण कालचे आजोबा आठवले आणि माझे हसू थांबले.

मग बाबांनी दुसरा, मोठा चौकोन काढला. दार ९० सेंटीमीटर. आत दीड मीटर व्यासाचे एक वर्तुळ. “खुर्ची जागच्या जागी वळवायला एवढी जागा लागते,” बाबा म्हणाले. कमोडच्या जागी त्यांनी एक खोके ठेवले. त्याची उंची खुर्चीच्या बैठकीएवढीच होती. खोक्याच्या शेजारी त्यांनी मोकळी जागा सोडली. मी खुर्ची त्या जागेत नेली. बाबांनी आणि एका चाचांनी दोन बाजूंनी दांडा धरला. मी दांड्यावर हातांचा जोर दिला आणि पाय न लावता खोक्यावर सरकलो. दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा जमले.

“आता ही बघ गंमत,” असे म्हणून बाबांनी त्या मोकळ्या जागेत पोछ्याची बादली ठेवली. “सरक बघू आता.”

खुर्ची खोक्याजवळ जाईचना. एका बादलीने सगळी खोली निरुपयोगी झाली होती! बाबा म्हणाले, “लोकांना वाटतं, एवढी जागा उगीच सोडली आहे. मग कोणी तिथे बादली ठेवतं, कोणी कचऱ्याचा डबा, कोणी सामानाची खोकी. आम्ही इतक्या काळजीने दांडा बसवतो आणि आठवड्याने जाऊन पाहावं तर त्यावर फडकी वाळत घातलेली!” हे सांगताना बाबांना खरोखरच राग आला होता.

त्या खोलीतली प्रत्येक गोष्ट विचार करून केलेली असते. दार बाहेरच्या बाजूला उघडते किंवा बाजूला सरकते. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्या अंगाला अडेल आणि मदतीला जाता येणार नाही. हात धुण्याचे भांडे खालून मोकळे असते, म्हणजे खुर्चीतल्या माणसाचे गुडघे त्याखाली जातात. बोटांत जोर नसला, तरी लांब दांडीचा नळ मनगटाने उघडता येतो. दांडा आणि भिंत यांमध्ये मूठ बसेल एवढीच फट असते. ती जास्त असली, तर घसरलेला हात त्यात अडकून मोडू शकतो. पुष्कळ ठिकाणी एक लाल दोरीही असते. ती ओढली की बाहेर घंटा वाजते. ती दोरी थेट जमिनीजवळ पोचली पाहिजे. “का बरं?” बाबांनी मला विचारले. मला सांगता आले नाही. “पडलेला माणूस जमिनीवर असतो ना,” बाबा म्हणाले.

दारावरच्या चित्राचीही गोष्ट बाबांनी सांगितली. ते चित्र १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढले. तिच्या चित्रात डोके नव्हते. ती नुसती रिकामी खुर्ची वाटत असे. पुढच्या वर्षी त्यावर एक गोल काढून डोके जोडले गेले. आता ते चित्र जगभर दिसते.

मी ठामपणे म्हणालो, “म्हणजे ज्याला चालता येतं, त्याने त्या दारातून कधीच जायचं नाही.”

“असंही नाही,” बाबा म्हणाले. “तुझ्या चिपळूणच्या काकांना चालता येतं की नाही?”

“येतं की! ते माझ्याबरोबर क्रिकेटही खेळतात.”

“तरी त्यांना तीच खोली लागते.”

मला हे ठाऊकच नव्हते. काकांच्या आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हापासून त्यांच्या पोटावर एक छोटी पिशवी लावलेली असते. मळ त्या पिशवीत जमतो. ती रिकामी करायला आणि धुवायला वेळ, जागा आणि जवळच पाणी लागते. सदऱ्याखाली ती कोणाला दिसत नाही. एकदा एका स्थानकावर काका रुंद दारातून बाहेर आले, तेव्हा रांगेतला एक माणूस सर्वांसमोर म्हणाला, “धडधाकट माणसाला लाज वाटत नाही?” काका घरी येऊन दोन दिवस गप्प होते. सर्वांदेखत सदरा वर करून दाखवायचा का, असे त्यांनी बाबांना फोनवर विचारले होते.

आपल्या देशात १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यात सात प्रकारांची नोंद होती. २०१६ साली नवा कायदा झाला आणि त्यात २१ प्रकार आले. त्यांतले कितीतरी नुसते पाहून कळत नाहीत. अमिरातीतही असा कायदा २००६ साली झाला. २०१७ सालापासून येथे दिव्यांगांना ‘निर्धाराची माणसे’ अशा अर्थाच्या अरबी नावाने ओळखतात. शारजात तर त्यांच्यासाठी काम करणारी एक मोठी संस्था १९७९ पासून आहे. तिचे नाव शारजा सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस.

घरी आल्यावर या विषयावर आईबाबांचे थोडे वाजलेच. बाबांचे म्हणणे असे, की बाकीची दारे बंद आहेत, फारच घाई झाली आहे आणि कोणी थांबलेले नाही, अशा वेळी पटकन जाऊन यावे. आई म्हणाली, “आत गेल्यावर बाहेर कोण येऊन थांबलं, हे कसं कळणार? आपण रांगेतच उभं राहावं.” मग बाबांनी विचारले, “हा तान्हा असताना त्याचे कपडे तू कुठे बदलायचीस?” आई हसली. बाळाचे कपडे बदलायची फळी पुष्कळदा त्याच खोलीत बसवलेली असते. ती वेगळ्या जागी असायला हवी, यावर मात्र दोघांचे एकमत झाले. कपडे बदलायला, फोनवर बोलायला किंवा खेळायला तिथे जायचे नाही, हेही दोघांना मान्य होते. ‘खेळायला’ हा शब्द आईने माझ्याकडे पाहून उच्चारला.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. स्वच्छतागृहात गर्दी होती. मी लहान दारांच्या रांगेत उभा राहिलो. एक तरुण भराभर चालत आला आणि रुंद दारातून आत गेला. माझ्या पुढचे गृहस्थ हिंदीत पुटपुटले, “याला काय झालं आहे?” मला काकांची पिशवी आठवली. मी काहीच बोललो नाही.

तो तरुण बाहेर आला. थोड्या वेळाने माझेही आटोपले. जाता जाता बाबांनी रुंद दार उघडून आत डोकावले. त्यांना ही सवयच आहे. कुठेही गेले, तरी ते दांडा हलवून पाहतात. दांडा पक्का होता. फरशी कोरडी होती. पण लाल दोरी कोणीतरी गुंडाळून वर खिळ्याला बांधली होती.

“बाबा, ती दोरी!”

“सोड,” बाबा म्हणाले आणि दार धरून उभे राहिले.

गाठ घट्ट होती. मी टाचा उंचावून ती नखांनी सोडवू लागलो. दोरी ओढली जाऊन घंटा वाजू नये म्हणून दुसऱ्या हाताने ती वरून धरून ठेवली होती. गाठ सुटली. दोरी सरसर खाली आली आणि तिचे टोक जमिनीजवळ जाऊन थांबले.