धुरी देण्याची मोठी भट्टी

प्रश्न : टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या आम्ही काही मित्रांनी प्रोपेनची जुनी टाकी आडवी ठेवून, एका टोकास अग्निपेटी जोडून, मांसाला धुरी देण्याची भट्टी बांधण्याचे योजिले आहे. शेजाऱ्यांच्या तशाच भट्टीत आगीकडचे मांस करपते आणि दूरचे कच्चे राहते. उपाय काय?

उत्तर : प्रथम एक ताकीद : टाकी रिकामी दिसली तरी आत उरलेला वायू एका ठिणगीसरशी भडकू शकतो, यास्तव झडप उतरवून, टाकी काठोकाठ पाण्याने भरून तो वायू निःशेष घालविल्याचा बंदोबस्त जाणत्या कारागिराकडून झाल्याखेरीज तिला कापण्याचे यंत्र लावू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही आत नको. तापल्यावर त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो.

आता विषम उष्णतेविषयी. अग्निपेटीच्या मुखापासून जाळीखाली जाड पोलादी पत्रा असा बसवावा, की ज्वाळा मांसास थेट न भिडता धूर त्याखालून दूरच्या टोकापर्यंत जाईल, तेथे वर वळेल आणि मांसावरून परत फिरून अग्निपेटीच्याच बाजूस असलेल्या धुराड्यातून बाहेर पडेल. पत्र्यास किंचित उतार देऊन टोकाशी चरबी निथळण्याची तोटी ठेवावी, कारण साचलेली चरबी पेट घेते.

अग्निपेटीचे आकारमान टाकीच्या सुमारे एकतृतीयांश असावे. हवा कोंडून आग मंद करण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यातून दाट पांढरा धूर उठून मांस कडवट होते. वाळलेल्या ओकची लहान परंतु स्वच्छ ज्वाळेची आग ठेवावी, म्हणजे धूर विरळ, निळसर येईल. आतील उष्णतामान ११० ते १३५ अंश सेल्सिअस पुरे. ते दारावर नव्हे, तर जाळीच्या दोन्ही टोकांशी मोजावे.