हात स्टिअरिंगवर राहावा म्हणून

(द्वितीय वर्ष, कला)

'पॅडल' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर सायकलचे पायडल उभे राहते. परंतु प्रस्तुत लेखातील पॅडल पायाने मारावयाचे नाही. वेगवान मोटारींत स्टिअरिंगच्या चाकामागे डावीकडे व उजवीकडे एकेक लहान पट्टी असते. ती बोटांनी आपल्याकडे ओढली की गिअर बदलतो. उजवी ओढली की वरचा गिअर पडतो, डावी ओढली की खालचा. या पट्टीलाच पॅडल म्हणतात. हौशी मोटारमालक मूळची पट्टी काढून तिच्या जागी, किंवा तिच्यावरच, कार्बन फायबरची लांब आणि काळीभोर पट्टी बसवून घेतात.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. फीचे पैसे जमवण्यासाठी सुट्टीत मी पुण्यातील एका मोटार-सजावटीच्या दुकानात काम करीत होतो. तेथे माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीनेच मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले. ती हकीकत ओघाने येईलच. तत्पूर्वी या पट्टीचा थोडा इतिहास पाहू.

एकाच माणसाची दोन कामे

कार्बन फायबर आणि पॅडल या दोन्ही गोष्टी शर्यतीच्या मोटारींतून आल्या, आणि दोन्हींच्या मागे एकच नाव आहे. ते नाव म्हणजे जॉन बर्नार्ड या इंग्रज रचनाकाराचे. १९८१ साली त्यांनी मॅक्लारेन संघासाठी 'एमपी ४/१' ही मोटार तयार केली. तिचा सांगाडा संपूर्णपणे कार्बन फायबरचा होता. फॉर्म्युला वन शर्यतीत असे प्रथमच घडत होते. हा काळा पदार्थ आदळला की काचेसारखा फुटेल, अशी अनेकांना शंका होती. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे जॉन वॉटसन यांची मोटार कठड्यावर इतक्या जोराने आदळली की इंजिन तुटून वेगळे झाले. वॉटसन मात्र सांगाड्यातून सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी शंकेचे उत्तर मिळाले.

पुढे बर्नार्ड फेरारी संघात गेले. तोपर्यंत शर्यतीच्या मोटारीतही गिअरचा दांडा असे. दांडा म्हटला की तो हलवण्यास जागा हवी, त्याच्यापासून मागच्या गिअरपेटीपर्यंत सळ्यांची जोडणी हवी, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळी चालकाचा एक हात स्टिअरिंगवरून सुटणार. बर्नार्ड यांनी दांडाच काढून टाकला. चाकामागे दोन पट्ट्या बसवल्या. पट्टी ओढली की विजेचा संदेश जाई, आणि क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करी. ही मोटार म्हणजे 'फेरारी ६४०'.

चाचण्यांत ही गिअरपेटी वारंवार बंद पडत असे. त्यामुळे मार्च १९८९ मध्ये ब्राझीलमधील पहिल्या शर्यतीत ती शेवटपर्यंत टिकेल याची कोणालाही खात्री नव्हती. नायजेल मॅन्सेल यांना तर शर्यतीच्या मध्येच थांबून स्टिअरिंगचे चाक बदलून घ्यावे लागले. तरीही ती शर्यत त्यांनी जिंकली. त्या वर्षी फेरारीच्या मोटारी अनेकदा अर्ध्या वाटेतच थांबल्या, पण कल्पना योग्य असल्याचे सिद्ध झाले होते. काही वर्षांतच इतर संघांनीही दांडा सोडून पॅडल स्वीकारले. १९९७ साली फेरारीने 'एफ ३५५' या रस्त्यावरील मोटारीत ही सोय दिली. आता तर साध्या मोटारींतही पॅडल आढळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. रस्त्यावरील मोटारीत पॅडल म्हणजे वास्तविक विजेचे बटण आहे. ते गिअर बदलत नाही, बदलण्याची विनंती करते. चुकीच्या वेळी डावी पट्टी ओढली आणि इंजिनाचा वेग धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाणार असेल, तर मोटारीतील संगणक ती विनंती नाकारतो.

कोळशाचा धागा

आता कार्बन फायबरकडे वळू. कार्बन म्हणजे कोळसाच. एडिसनने आपल्या दिव्यात बांबूची कोळसा केलेली तार वापरली होती. आजचा धागा मात्र निराळ्या रीतीने बनतो. १९६० च्या सुमारास जपानमधील अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम धाग्यापासून तो तयार केला. त्यानंतर इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेने तो अधिक बळकट केला. हा कृत्रिम धागा प्रथम दोनशे ते तीनशे अंश उष्णतेत हवेत भाजतात. नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवतात. प्राणवायू नसल्यामुळे तो जळून राख होत नाही, केवळ कार्बन शिल्लक राहतो. एक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाड असतो. आपला केस त्याच्या दहापट जाड भरेल.

असे हजारो तंतू एकत्र करून त्यांचे कापड विणतात. ते इपॉक्सी नावाच्या रसायनात भिजवून थरावर थर ठेवतात आणि दाब व उष्णता देऊन घट्ट करतात. पट्टीवर दिसणारी तिरकी वीण ही त्या कापडाची वीण होय. बाजारात वरून केवळ विणीचे चित्र चिकटवलेले प्लास्टिकही मिळते. कापलेली कड पाहावी. खऱ्या पट्टीच्या कडेला थर दिसतात.

महत्त्व कशाला? वजनाला की लांबीला?

ग्राहकांना विचारले तर बहुतेक जण सांगतात, "कार्बन हलका असतो." हे खरे आहे. पण हिशेब करून पाहू. ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे, कार्बनच्या या मिश्रणाची साधारण १.६. म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी ५० ग्रॅमची असेल तर त्याच आकाराची कार्बनची सुमारे ३० ग्रॅम भरेल. दोन पट्ट्यांत बचत ४० ग्रॅमची. आणि मोटारीचे वजन असते दीड-पावणेदोन टन! चालकाने सकाळी एक पोळी कमी खाल्ली तरी तेवढी बचत होईल.

मग या पट्टीचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो हलकेपणात नसून लांबीत आहे. पॅडलचे दोन प्रकार असतात. काही मोटारींत ते चाकाबरोबर फिरते, तर काहींत ते चाकामागील खांबाला पक्के असते आणि चाक फिरले तरी जागचे हलत नाही. दुसऱ्या प्रकारात वळणावर हात वर-खाली सरकला की आखूड पट्टी बोटांना सापडत नाही. पट्टी लांब असेल तर सापडते. लांब पट्टी धातूची केली तर तिचा भार लहानशा बिजागरीवर पडतो, आणि प्लास्टिकची केली तर ती लवते. कार्बनची पट्टी पातळ असूनही ताठ राहते. एवढाच, पण खरा, असा कार्बनचा येथील उपयोग आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या पॅडलला मात्र ती बव्हंशी शोभेसाठीच लावतात. शोभा ही वाईट गोष्ट नव्हे, फक्त तिला शोभा म्हणावे.

बसवण्याची रीत

पट्टी बसवण्याच्याही दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मूळ पॅडल काढून नवे लावतात. त्यासाठी बहुधा चाकाच्या मध्यावरील एअरबॅग उतरवावी लागते. हे काम जाणकाराचेच आहे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडतात, आणि मोटारीच्या पुस्तकात सांगितली असेल तितकी मिनिटे हात जोडून बसतात. कारण तार सोडल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. उतरवलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवतात. ती चुकून उडालीच तर खाली दाबली गेलेली नसावी. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, म्हणून पट्टीची उघडी कड बटणाच्या तारांना लागणार नाही हेही पाहावे लागते.

दुसरी रीत मूळ पट्टीवरच नवी चिकटवण्याची. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फेसाळ टेपने हे करतात. टेप लावण्यापूर्वी पट्टी नुसती धरून पाहतात. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवतात. ती इंडिकेटरच्या किंवा वायपरच्या दांडीला अडते का, इंडिकेटर देताना बोट चुकून तिला लागते का, हे तपासतात. मग पृष्ठभाग अल्कोहोलने पुसतात, टेप जोराने दाबतात आणि पूर्ण पकड येण्यासाठी सुमारे तीन दिवस थांबतात. ऐकताना हे काम पोरखेळ वाटते. मलाही तसेच वाटले होते.

माझी चूक

एका ग्राहकाच्या मोटारीला अशा पट्ट्या चिकटवावयाच्या होत्या. उजवी मेस्त्रींनी बसवली आणि डावी मला बसवू दिली. मी सांगितल्याप्रमाणे पुसले, दाबले. तीन दिवस मोटार दुकानातच होती. चौथ्या दिवशी ग्राहक घेऊन गेले.

आठवडाभराने ते परत आले. त्यांनी डावी पट्टी काउंटरवर ठेवली. ताम्हिणी घाट उतरताना एका वळणाआधी खालचा गिअर टाकण्यासाठी त्यांनी ती ओढली आणि ती हातात आली. हातातून निसटून पायांशी पडली. ती ब्रेकखाली तर गेली नाही ना, म्हणून त्यांनी क्षणभर खाली पाहिले. तेवढ्यात डावीकडची दोन चाके डांबर सोडून खडीवर गेली. सुदैवाने पुढे काही झाले नाही. ते रागावले नाहीत. "मुलगी शेजारी बसली होती," एवढेच म्हणाले.

मेस्त्रींनी पट्टी उलटी करून उजेडात धरली. टेपवर तेलकट चमक होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पुसायला फडकं कोणतं घेतलं होतंस?" मी डॅशबोर्ड पॉलिशचे फडके घेतले होते. त्यावर अल्कोहोल ओतले होते खरे, पण त्यातील सिलिकॉनचा थर मीच पृष्ठभागावर पसरवला होता. उजवी पट्टी आजही जागेवर आहे. दोन्ही पट्ट्या एकाच कार्बनच्या, एकाच टेपच्या. फरक फडक्याचा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे मी पॅडलचा इतिहास वाचला तेव्हा मला अधिकच लाज वाटली. ज्या वस्तूचा जन्म चालकाचा हात आणि लक्ष ढळू नये म्हणून झाला, तिच्याचमुळे माझ्या हलगर्जीपणाने एका बापाचे लक्ष घाटात ढळले होते.

तात्पर्य, या पट्टीची किंमत तिच्या काळ्या विणीत नाही आणि वाचलेल्या चाळीस ग्रॅमांतही नाही. ती ओढल्यावर हात स्टिअरिंगवर व नजर रस्त्यावर राहते की नाही, यावर ती ठरते. ज्याला ती बसवून घ्यावयाची असेल त्याने जरूर बसवून घ्यावी, मात्र तीन दिवस थांबण्याची तयारी ठेवावी. आणि बसवणाऱ्याने अल्कोहोलसाठी एक पांढरे फडके वेगळे ठेवावे. आमच्या दुकानात ते आता खिळ्याला टांगलेले असते, आणि त्याला दुसऱ्या कामासाठी कोणी हात लावत नाही.